नित्यपाठाची पोथी आणि गोरेगांवची सेमिनरी

अंधेरीहून बोरिवलीकडे जातांना वाटेंत गोरेगांव लागतें. तेथें पूर्वेस आरे रस्त्यावर दहाव्या पायस पोपांच्या नांवाचें एक विद्यालय आहे. मुंबई धर्मप्रांताचे भावी कॅथॉलिक धर्मगुरू येथें शिकून तयार होतात. पूर्वीं ही सेमिनरी परळास होती; १९६० मध्यें ती गोरेगांवीं आली. येथें दाखल झालेल्या तरुणास आज ना उद्यां एक प्रश्न सोडवावा लागतो : नित्यपाठाची पोथी कोणती घ्यावी? वरवर पाहतां ही पुस्तकखरेदीची बाब आहे. परंतु आजोबांच्या हातची ज्ञानेश्वरीची प्रत ज्या घरांत जपून ठेवलेली असते, तेथील वाचकांस ती तेवढीच वाटणार नाहीं. डीकनची दीक्षा घेतेवेळीं हा तरुण नित्यपाठ आजन्म चालविण्याचें वचन देतो. तोंवर त्याच्यावर तसें बंधन नसतें. म्हणजे निवड विद्यार्थिदशेंत करावयाची आणि निभवावयाची मात्र मरेपर्यंत.

या पोथीस ब्रेव्हिअरी म्हणतात. दाविदाचीं म्हणून ओळखलीं जाणारीं १५० स्तोत्रें हा तिचा गाभा. त्यांच्या भोंवतीं धर्मशास्त्रांतील उतारे, संतांचीं वचनें आणि गीतें यांची गुंफण असते. मठांत ही सामग्री अनेक जाड ग्रंथांत विखुरलेली होती. पाठ सामुदायिक असल्यामुळें तेथें तें चालून जाई. पण तेराव्या शतकांत फ्रान्सिस्कन साधूंचा फिरता पंथ निघाला, आणि पायीं हिंडणाऱ्यास ग्रंथांचा ढीग बाळगणें शक्य नव्हतें. १२२३ च्या त्यांच्या नियमांतच या आटोपशीर पोथीचा उल्लेख आहे. रोमच्या दरबारचा संक्षिप्त पाठ युरोपभर पसरला तो मुख्यतः यांच्या झोळींतून. याच पंथाचे साधु सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांबरोबर साष्टींत आले आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांनीं आपलें मंदिर थाटलें. शैव शिल्पांच्या त्या लेण्यांत लॅटिन स्तोत्रें घुमलीं, हा योग विलक्षणच म्हणावयाचा. जिंकणाऱ्याच्या बळानें तो घडून आला हें मात्र विसरतां येत नाहीं. १७३७ ते १७३९ या काळांत साष्टी व वसई मराठ्यांनीं घेतली आणि तें पर्व संपलें.

ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६८ मध्यें पाचव्या पायस पोपांनीं एकच रोमन पोथी सर्वत्र लागू केली. दोनशें वर्षांची परंपरा असलेल्या स्थानिक पाठांना तेवढी सूट दिली. पुढें तिच्यांत संतांचे उत्सव वाढत गेले. त्या दिवशींचीं ठराविक स्तोत्रें पुनःपुन्हां येत आणि आठवड्याचीं नेमलेलीं तशींच राहून जात. गोरेगांवच्या विद्यालयास ज्यांचें नांव आहे त्या दहाव्या पायस पोपांनीं १ नोव्हेंबर १९११ रोजीं ही घडी पार बदलली. दीडशेंही स्तोत्रें आठवड्यांत एकदां म्हटलीं जावींत अशी नवी वाटणी त्यांनीं केली.

ती लॅटिन पोथी बहुधा चार खंडांत छापली जाई, आणि खंडांस नांवें ऋतूंचीं : हिवाळी, वासंतिक, उन्हाळी, शरदांतील. मुंबईकर पाद्री वासंतिक खंड वैशाखाच्या तलखींत वाची, आणि उन्हाळी खंड उघडी तेव्हां बाहेर आषाढाच्या सरी कोसळत असत! रोमचें पंचांग कोंकणास कधींच जुळलें नाहीं.

१९६३ च्या डिसेंबरांत व्हॅटिकन परिषदेनें उपासनेच्या सुधारणेचा ठराव केला. पुढच्याच डिसेंबरांत, १९६४ साली, सहावे पॉल पोप मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला आले. १९११ च्या फर्मानास बरोबर एकोणसाठ वर्षें झालीं त्याच तारखेस, १ नोव्हेंबर १९७० रोजीं, त्यांनीं नवी पोथी जाहीर केली. आतां स्तोत्रें चार आठवड्यांवर विभागलीं गेलीं. शत्रूस शाप देणारीं तीन स्तोत्रें व कांहीं कडवीं अजिबात वगळण्यांत आलीं. प्राचीन कवीचा संताप जशाचा तसा वाचण्याची शक्ति धर्मगुरूंच्या अंगीं नसते, असें मला वाटत नाहीं. पण वगळणारांचा हेतु समजतो.

देशी भाषेस मुभा मिळाली, आणि इंग्रजींत दोन संच निघाले. १९७४ चा ब्रिटिश संच तीन खंडांचा; त्यामागून आलेला अमेरिकन चार खंडांचा. स्तोत्रांचें भाषांतर दोहोंत एकाच घराण्याचें आहे, पण शास्त्रांतील उतारे, गीतें आणि प्रार्थना वेगवेगळ्या. भारतांत ब्रिटिश संचाचा प्रघात आहे. एकट्यानें पाठ करणाऱ्यास अमेरिकन संचाचा चौथा खंड सोयीचा वाटेल, कारण प्रत्येक खंड हातांत हलका राहतो. परंतु सेमिनरींत दोन बाजूंस बसून आळीपाळीनें कडवीं म्हणावयाचीं असतात. तेथें एकाच्या हातीं दुसराच पाठ असला कीं प्रार्थनेच्या ओळीशीं सूर अडतो. म्हणून माझें मत शेजाऱ्याच्या पोथीच्या बाजूनें पडतें.

यांतून एक अवघड प्रश्न मात्र सुटत नाहीं. १९९८ पर्यंत वसई मुंबईच्याच धर्मप्रांतांत होती. ज्या घरांत आई चुलीपाशीं मराठींत प्रार्थना म्हणे, तेथील मुलगा धर्मगुरू होण्यास निघाला म्हणजे इंग्रजी हीच त्याच्या शिक्षणाची भाषा होई, आणि बहुधा पाठाचीही. थॉमस स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें छापलें गेलें. चारशें वर्षांमागें एका इंग्रजानें मराठीवर दाखविलेला तो विश्वास पाहतां, या मुलानें मनांतल्या मनांत उलथें करीत देवाशीं बोलावें हें मला खटकतें. लॅटिन सर्वांनाच परकी होती. इंग्रजी कांहींनाच परकी आहे, आणि फरक जाणवतो तो येथेंच.

शिवाय दोन्ही संच परदेशीं पंचांगावर बेतलेले. ३ जुलैचे संत थॉमस आणि ३ डिसेंबरचे फ्रान्सिस झेवियर यांचे दिवस भारतांत सर्वोच्च दर्जाचे मानतात. छापील पानांवर तो दर्जा नाहीं. वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्यें नागासाकीस क्रुसावर गेले, पण सार्वत्रिक पंचांगांत ६ फेब्रुवारीस ते पॉल मिकींच्या सोबत्यांत मिसळून जातात. २०२० पासून भारतांतील इंग्रजी मिस्सेचीं वाचनें नव्या भाषांतरांतून होतात. त्यांची भाषाही १९७४ च्या पोथीशीं जुळत नाहीं. तेव्हां संच कोणताही घेतला तरी त्याच्या जोडीला दरवर्षींची तिथिपुस्तिका घ्यावी लागते. आणि त्या सडपातळ पुस्तिकेवांचून, रेशमी फितींनीं सजलेल्या जाड खंडांत आजचें पान कोणतें, हें कळत नाहीं.