मधुमेही मांजराचे इन्सुलिन: डोस आणि वेळ कशी सांभाळावी?

मांजरांनाही मधुमेह होतो. वय झालेल्या, वजन वाढलेल्या आणि नसबंदी केलेल्या बोक्यांमध्ये तो जास्त आढळतो. माणसांच्या टाइप २ मधुमेहाशी त्याचे बरेच साम्य आहे. सतत पाणी पिणे, वारंवार लघवी आणि चांगले खाऊनही वजन घटणे ही मुख्य लक्षणे. काही मांजरे मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात. उपचार म्हणून बहुतेकांना दिवसातून दोन वेळा इन्सुलिन द्यावे लागते.

घरात माणसालाही मधुमेह असेल तर "आजोबांचेच इन्सुलिन मांजराला चालेल का?" असा प्रश्न हमखास येतो. काही इन्सुलिने दोघांसाठीही वापरली जातात. पण मांजरासाठी कोणते आणि किती द्यायचे, हे पशुवैद्यच ठरवतात. घरच्यांनी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

सिरिंज आणि बाटली जुळते का?

मांजराची सुरुवात साधारण एका युनिटने किंवा त्याहूनही कमी डोसने होते. इतक्या लहान डोसमध्ये अर्ध्या युनिटची चूकही मोठी ठरते.

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. ४० च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल आणि १०० च्या सिरिंजचे केशरी असते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये एका रेषेपर्यंत भरले, तर एक युनिट नव्हे, अडीच युनिट जातात. मांजराच्या जिवावर बेतायला एवढे पुरेसे आहे. टोपणाच्या रंगावर विसंबू नका. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी ताडून पाहा. पेनच्या कार्ट्रिजमधले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने कधीही काढू नका.

वेळ

* दोन इंजेक्शनांमध्ये १२ तासांचे अंतर ठेवा. तुम्हाला रोज पाळता येतील अशा वेळा निवडा, उदा. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७.
* आधी खायला द्या. मांजराने नेहमीसारखे खाल्ले की मग इंजेक्शन द्या.
* डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. पुढचा डोस नेहमीच्या वेळी, नेहमीएवढाच द्या.
* इन्सुलिन केसांवर सांडले किंवा आत गेले की नाही अशी शंका आली, तरी पुन्हा टोचू नका. एक डोस कमी पडल्याने सहसा मोठे नुकसान होत नाही. दोनदा दिलेला डोस मात्र घातक ठरू शकतो.

डोस कधी वाढवतात?

नवीन डोसचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. म्हणून पशुवैद्य साधारण ५ ते ७ दिवस थांबतात आणि मग गरज असेल तर अर्धा ते एक युनिट वाढवतात.

एका आकड्यावरून डोस वाढवू नका. घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती खूप वाढते, त्यामुळे दवाखान्यातला आकडा अनेकदा फसवा असतो. घरी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेता येतो. इंजेक्शनपूर्वी आणि त्यानंतर दर दोन तासांनी अशी दिवसभर साखर तपासली, तर ती सर्वांत खाली कुठे जाते ते कळते. हा खालचा आकडा साधारण ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावा. सकाळी साखर ३५० असलेल्या मांजराची दुपारी ७० वर येत असेल, तर डोस वाढवणे धोक्याचे आहे.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. नेहमी एकच मीटर वापरा आणि तो कोणता आहे हे पशुवैद्यांना सांगा.

डोस देण्याआधी फोन कधी करावा?

* मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली.
* इंजेक्शनपूर्वीची साखर पशुवैद्यांनी दिलेल्या मर्यादेखाली आहे. मर्यादा सांगितलेली नसेल तर सुरुवातीच्या काळात २०० ही मर्यादा धरा.
* खाणे बदलले आहे, वजन घटते आहे किंवा स्टेरॉइड सुरू वा बंद झाले आहे.

वेळेत उपचार आणि कमी कर्बोदकांचा आहार मिळाल्यास काही मांजरांची इन्सुलिनची गरज कमी होते, कधी पूर्ण थांबते. ही आनंदाची गोष्ट आहे, पण अशा वेळी कालचा योग्य डोस आज जास्त ठरतो. म्हणून साखर स्थिर झाल्यावरही तपासणी सोडू नका. तसेच स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नका. साखर जास्त असताना मांजर खात नसेल, उलट्या करत असेल किंवा मलूल पडले असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

साखर एकदम उतरली तर

अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, शून्य नजर, फिट येणे ही लक्षणे दिसली किंवा साखर ६० च्या आसपास वा त्याखाली आली, तर वाट पाहू नका.

१. मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या.
२. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी हिरड्यांवर चोळा. घशात ओतू नका. फिट चालू असताना तोंडात बोट घालू नका.
३. पुढचे इन्सुलिन थांबवा. मांजर सावरल्यासारखे वाटले तरी लगेच पशुवैद्यांकडे न्या, कारण साखर पुन्हा उतरू शकते.

एका वहीत रोज तारीख, वेळ, साखर, खाणे, डोस आणि इंजेक्शन कोणी दिले ते लिहा. घरात दोघे-तिघे इंजेक्शन देत असतील, तर एकच डोस दोनदा जाण्याचा धोका या नोंदीने टळतो. डोस बदलण्याचा निर्णयही पशुवैद्यांना ही वही पाहून नीट घेता येतो.