‘आम्ही जबाबदार नाही’ : गिरणीतला धोटा आणि व्यवसायनीतीचा प्रश्न

एमबीएला ‘बिझनेस एथिक्स’ नावाचा विषय असतो. लाचखोरी, हिशेबातली फसवणूक, प्रदूषण, अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीची भानगड हे सगळं त्यात येतं. कामाच्या ठिकाणची जात मात्र शोधावी लागते. आपली मुलं-मुली आता हा विषय शिकतात, परीक्षा देतात, कंपन्यांत लागतात. त्यांच्यासमोर एक उदाहरण ठेवायचं आहे, आणि ते परदेशातलं नाही. ते परळ-लालबागचं आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. पण ते रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या कामावर. विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. विणकराची मजुरी कातणाऱ्यापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे ही बंदी थेट महिन्याच्या पगारावर येत होती. कारण काय सांगितलं जायचं? मागावरच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी भरावी लागते, आणि नव्या कांडीचा धागा धोट्याच्या बारीक छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावा लागतो. म्हणजे एकाचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचंही तोंड लागणार. महाराच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. यंत्र इंग्लंडहून आलेलं, विटाळ इथला.

हा निर्णय नेमका कुणाचा होता, हे विचारायला हवं. कागदावर कुणी तो लिहिलेला नव्हता. भरती जॉबरच्या हाती. जॉबर आपल्या गावचा, नात्याचा, जातीचा माणूस आणणार. शेजारचा विणकर कुरकुर करणार. मॅनेजर म्हणणार, कामगारांचीच इच्छा नाही. मालकाला वेळेवर कापड मिळाल्याशी मतलब. प्रत्येकाकडे बोट दाखवायला दुसरा होता. समाजशास्त्रात याला संस्थात्मक भेदभाव म्हणतात. सोप्या शब्दांत, अन्याय रोज होतो आणि तो करणारा कुणीच सापडत नाही.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रचंड सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं : अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क तुम्ही मागणार की नाही? नसाल मागणार, तर त्यांनी या संपात राहू नये असं मी त्यांना सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ही मागणी यादीत घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा त्यांचं उत्तर आलं : हा अन्याय असेल, तर त्याला आम्ही जबाबदार नाही. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे.

मालकांचं उत्तर पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते धोकादायक आहे. जात मालकांनी निर्माण केली नव्हती, हे खरं. पण कारखाना त्यांचा होता, पगार ते देत होते, कुणाला कुठल्या खात्यात घ्यायचं याचा अखेरचा अधिकार त्यांच्याकडे होता. आणि धागा तोंडानेच ओढला पाहिजे असंही नव्हतं. हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात उपलब्ध होते. तोंडाने धागा ओढण्यातून रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच ही पद्धत बंद केली होती. लँकेशायरमध्ये कायद्याने बंदी यायला १९५२ उजाडलं, हेही खरं. पण ज्या बंदीचं सगळं समर्थन एका छिद्रातल्या धाग्यावर उभं होतं, ते छिद्र बदलता येत होतं. धोटा न बदलणं हासुद्धा निर्णयच होता.

कामगार पुढाऱ्यांचंही तपासलं पाहिजे. वर्गाची एकजूट फुटू नये म्हणून जातीचा प्रश्न काढू नका, हा युक्तिवाद आजही आपल्याला ऐकवला जातो. पण विणकाम खात्याच्या दारात ती एकजूट आधीच फुटलेली होती. बाबासाहेबांनी फक्त ती फट दाखवली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते हवेतून नव्हे. त्याच भाषणात गिरणीतल्या विणकाम खात्याचा दाखला आहे. रेल्वेचाही आहे : अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो आणि सवर्ण स्टेशनमास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. सरकारी नोकरीतली बढती साहेबाच्या स्वयंपाकघरापाशी अडत होती! बाबासाहेबांना कामगारविरोधी ठरवणाऱ्यांनी त्याच वर्षीचा ७ नोव्हेंबरही आठवावा. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या त्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला होता.

आता कुणी म्हणेल, गिरण्या गेल्या, धोटे गेले, कंपन्यांत फक्त गुणवत्ता बघतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो नावांत. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या. सगळे गुणवत्तेवर बोलले. आणि बहुतेकांनी सांगितलं की उमेदवाराला आम्ही ‘फॅमिली बॅकग्राउंड’ जरूर विचारतो.

वडील काय करतात, घर कुठल्या वस्तीत, आडनाव असं कसं? हे प्रश्न इंटरव्ह्यूमध्ये आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहेत! विचारणाऱ्याला त्यात काही गैर केलं असं वाटत नाही. त्याच्या कंपनीची आचारसंहिता भिंतीवर फ्रेम करून लावलेली असते, भेदभाव चालणार नाही हे वाक्यही त्यात असतं. या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती आचारसंहिता बाजूला ठेवून आपल्या ऑफिसात तीन गोष्टी मोजाव्यात : ओळखीतून, रेफरलने किती जण लागले, मुलाखत घेणाऱ्या पॅनेलवर कोण बसतं, आणि संडास साफ करायला कंत्राटदार कुणाला पाठवतो. मग एचआरला विचारावं की याला जबाबदार कोण, आणि मिळालेलं उत्तर शब्द न बदलता लिहून घ्यावं.