‘तांबडा’ आणि ‘लाल’ : व्युत्पत्ती व विकार

मराठीत एकाच रंगासाठी ‘तांबडा’ व ‘लाल’ ही दोन विशेषणे रूढ आहेत. पहिले संस्कृत-प्राकृत परंपरेतून आलेले, दुसरे फारसीतून. ‘लाल’ परकीय म्हणूनच अविकारी राहिले, असे वर्गात पुष्कळदा सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे.

‘तांबडा’चा उगम धातूच्या नावात आहे. संस्कृत ‘ताम्र’चे प्राकृतात ‘तंब’ झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘ताम्र’ व ‘आम्र’ या दोहोंसाठी एकच नियम दिलेला आहे. म्हणजे ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने आपले ‘तांबे’ आणि ‘आंबा’ सख्खी भावंडे ठरतात. ‘तंब’ला अपभ्रंशातील स्वार्थी ‘ड’ प्रत्यय (‘जिवडा’मधील) व पुल्लिंगी ‘आ’ लागून ‘तांबडा’ सिद्ध झाला. नाशिकला तांब्या-पितळेच्या भांड्यांची जुनी परंपरा आहे. ती भांडी घडविणारा ‘तांबट’, म्हणजे ‘ताम्रकुट्ट’, हाही याच कुळातला शब्द. फारसीत ‘लाल’चा संबंध माणकाशीही आहे. एका शब्दामागे तांबे, तर दुसऱ्यामागे रत्न.

आता विकाराचा प्रश्न. तांबडा घोडा, तांबडी माती, तांबडे फूल, तांबड्या मातीत; ‘लाल’ मात्र सर्वत्र ‘लाल’च. पण याचे कारण उगम नसून अन्त्य स्वर होय. ‘ताजा’ फारसीतून आला, तरी आपण ‘ताजी भाजी’, ‘ताज्या भाजीत’ म्हणतो. उलट ‘गोड’ हा संस्कृत ‘गुड’पासूनचा, तरीही अविकारी. सर्वांत बोलका पुरावा तर ‘तांबडा’च्या घरातलाच आहे : ‘तांबूस’. मूळ तेच, परंतु शब्द आकारान्त नसल्याने तो ‘लाल’इतकाच अविकारी. ‘जादा’सारखे आकारान्त असूनही न बदलणारे परकीय शब्द आहेत, हे मान्य करावे लागते, परंतु ‘लाल’च्या स्पष्टीकरणासाठी परकीयत्वाची गरज पडत नाही.

वापरात मात्र दोहोंनी क्षेत्रे काहीशी वाटून घेतलेली दिसतात. जुन्या पुण्यात तांबडी जोगेश्वरी आहे आणि लाल महालही आहे. लासलगावच्या बाजारभावात ‘लाल कांदा’ व ‘उन्हाळ कांदा’ असे प्रकार येतात. तेथे ‘लाल’ केवळ रंग न सांगता हंगामही सांगतो. आमचे विद्यार्थी ‘तांबडा’ला ग्रामीण समजून उत्तरपत्रिकेत टाळतात. पहाटेचे वर्णन करताना ‘लाल फुटले’ असे मात्र त्यांच्यापैकी कोणी लिहिलेले अद्याप पाहण्यात नाही.