घरपट्टी: ओटीची आणि ओटीखालच्या जमिनीची

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीत १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणचा कारभार पाहणारा अरब अधिकारी मधुमती याने नदी उतरायला फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठिकेला गाव दान मिळाले, अशी ती नोंद आहे. चिंचणीचा हा जुना सरकारी कागद असा देण्याचा आहे. घेण्याचे कागद पुढे खूप झाले.

घरपट्टीचे कूळ मात्र इतके जुने नाही. मराठेशाहीत मोहतर्फा नावाचा कर होता: धंद्यावर, दुकानावर, कुठे कुठे घरावरही. मुंबई इलाख्यात १८४४च्या कायद्याने तो उठला. नुसत्या घरावर कर बसवण्याचा प्रयोग कंपनी सरकारने त्याआधीच, १८१०मध्ये, बनारसला करून पाहिला होता. तिथे लोकांनी असा हरताळ पाडला की कर मागे घ्यावा लागला. मुंबईत तो टिकला. तिथले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चिक कारभारावर १८७१मध्ये करदाते उठले आणि १८७२च्या कायद्याने महापालिकेच्या ६४ पैकी ३२ जागा त्यांनी निवडायच्या ठरल्या. मतदानाचा हक्क आपल्याकडे आधी पट्टी भरणाऱ्यालाच मिळाला, हे आज कुणाच्या लक्षातही नसते.

खेड्यातली घरपट्टी १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १२४ची. तिचे नियम १९६०चे. १९९९मध्ये आकारणी क्षेत्रफळावर आली. ती उच्च न्यायालयात टिकली नाही, तेव्हा ३१ डिसेंबर २०१५ला भांडवली मूल्याचा नियम आला. चिंचणीकरांची खरी गोष्ट इथून सुरू होते.

मूल्य काढताना दोन रकमा मिळवतात. क्षेत्रफळाला रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दराने गुणायचे, ही एक. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने गुणून घसारा वजा करायचा, ही दुसरी. घर जुने झाले की दुसरी रक्कम घटते. पहिलीला घसारा नाही. भिंतींना ओल धरली, कौले फुटली, तरी खालच्या जमिनीचा भाव रेडी रेकनर सांगेल तोच. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीजकेंद्र असलेल्या किनाऱ्यावर तो कशाने वाढतो हे सांगायला नको. वाढलेल्या भावाचा पैसा घर विकले तरच हातात येतो. राहणाऱ्याला मिळते ते फक्त मागणीचे बिल.

शेवटी वापराचा भारांक. राहते घर असेल तर एक, उद्योग असेल तर १.२०. चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांचे डाय घरातच कोरले जातात. पडवीत बसून पोलादावर नक्षी काढणाऱ्या कारागिराचे घर राहते की कारखाना? नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पडवी नव्हती, एवढेच म्हणतो.

आकडा शहराच्या मानाने लहान आहे, हे कबूल. आरसीसी घराला हजारी एक रुपया वीस पैसे ते दोन रुपये. वीस लाखांच्या घराला २४०० ते ४००० रुपये. वर दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. पण मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून मालमत्ता कर माफ आहे. तेवढ्याच चिंचणीच्या घराला तशी सरसकट माफी नाही. हा न्याय मला पटत नाही. पंचायतीला दिव्यांना आणि गटारांना पैसा लागतो. तो मागण्याआधी राहत्या जुन्या घराच्या जमिनीच्या रकमेलाही सूट हवी.

तोवर एक करता येईल. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि हरकती मागवतात. त्याआधी नमुना ८चा उतारा काढा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर, या चार नोंदी ताडून पाहा. चूक असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.