सेंट मायकेल चर्च, माहीम

मुंबईतील एक जुने रोमन कॅथलिक चर्च व धर्मग्राम. मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या माहीम येथे पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकात त्याची स्थापना केली. परंपरेनुसार स्थापनेचे वर्ष १५३४ होय. मराठ्यांच्या साष्टी-वसई मोहिमेच्या काळात वांद्र्याच्या माउंट मेरीची मूर्ती येथे आणून ठेवण्यात आली व १७६१ मध्ये ती परत नेण्यात आली.

या धर्मग्रामाच्या इतिहासात अधिकारक्षेत्राचा वाद विशेष महत्त्वाचा आहे. पूर्वेकडील धर्मपीठांवरील नेमणुकांचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजास दिला होता. त्यास ‘पाद्रुआदो’ म्हणत. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर गोव्याच्या आर्चबिशपची येथील सत्ता ईस्ट इंडिया कंपनीला राजकीय दृष्ट्या संशयास्पद वाटू लागली. म्हणून १७२० मध्ये फ्रान्सिस्कनांना दूर करून, रोममधील ‘प्रोपगंडा’ या धर्मप्रसार-मंडळाच्या अधीन असलेल्या कार्मेलाइटांना पाचारण करण्यात आले. पुढे १७९४ मध्ये बेटावरील चर्च दोन्ही पक्षांत वाटली गेली. उपासनाविधी एकच असूनही शेजारी राहणारे भाविक दोन बिशपांच्या आज्ञेत विभागले गेले.

या वादाने १८५३ मध्ये टोक गाठले. माहीमच्या भाविकांतील एका मोठ्या गटाने गोव्याचा पक्ष घेतला. तेव्हा प्रोपगंडा पक्षाचे बिशप आनास्तासिउस हार्टमान यांनी आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये ठाण मांडले. प्रतिपक्षाने चर्चला वेढा घालून रसद रोखली. सुमारे पंधरा दिवसांनी मुलकी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला व चर्च पाद्रुआदो पक्षाकडे गेले. धार्मिक अधिकाराचा प्रश्न अशा रीतीने सरकारी बळाने सुटला. मने मात्र दुभंगलेलीच राहिली. मुंबईतील पाद्रुआदो चर्च १८८६ मध्ये दमणच्या बिशपकडे सोपविण्यात आली. दुहेरी अधिकारक्षेत्र १९२८ च्या कराराने संपुष्टात आले. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी ८ सप्टेंबर १९४८ रोजी येथे नित्य साहाय्यक मातेची नोव्हेना सुरू केली. दर बुधवारी होणाऱ्या या प्रार्थनेस ख्रिस्तीतर भाविकही मोठ्या संख्येने येतात. विद्यमान वास्तू १९७३ मधील आहे. ज्या चर्चच्या दारात एकेकाळी एकाच धर्माचे लोक परस्परांना अडवीत होते, तेथे आज नाना धर्मांचे लोक एकत्र येतात, हे या धर्मग्रामाच्या इतिहासातील लक्षणीय स्थित्यंतर होय.