खो-खो : नियम पुण्याचे, मैदान धाराशिवचे

#थ्रेड

कॅनडातील कित्येक लहान गावांची ओळख तेथील कुमार आइस हॉकी संघाशी जोडलेली असते. हिवाळ्यात तळी आपोआप गोठतात आणि खेळायला जागा तयार होते. अर्थात तळे फुकट मिळाले तरी स्केट्स, काठी, शिरस्त्राण विकत घ्यावेच लागते. मराठवाड्यात तळी गोठत नाहीत, उन्हाळ्यात ती आटतात. येथे फुकट मिळतो तो मुरूम. त्या मुरमावर, फक्कीने आखलेल्या चार रेषा आणि दोन लाकडी खांब एवढ्या भांडवलावर, धाराशिवसारख्या लहान जिल्हाठिकाणी एक खेळ रुजला. तेथील मुलींनी तो खेळ आशियाई आणि पुढे जागतिक मैदानापर्यंत नेला.

मात्र या खेळाचे नियम धाराशिवात लिहिले गेले नाहीत. लोकखेळ म्हणून खो-खो जुनाच आहे. त्याला कागदावरची पहिली चौकट मिळाली १९१४ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपल्या स्पर्धांसाठी त्या नियमांत भर घातली आणि १९३०च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते अधिक नेटके केले. अध्यक्ष, समिती, शिटी वाजवणारा पंच, वेळ मोजणारे घड्याळ, हे सारे नागर मध्यमवर्गाच्या जिमखाना संस्कृतीतून आले. इंग्रजांच्या क्रिकेटला समांतर असा आपला, शिस्तबद्ध आणि मोजता येणारा खेळ उभा करावा, ही त्यामागची प्रेरणा होती. ती राष्ट्रीय वृत्तीची होती आणि तितकीच शहरीही होती.

त्या काळी धाराशिव ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. उस्मानाबाद या नावाने तो निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. पुण्यापासूनचे अंतर फार नसले, तरी मधली सीमा राज्याची होती. शाळा वेगळ्या, सरकारी भाषा उर्दू, शिक्षणखाते हैदराबादचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुण्या-मुंबईच्या शाळा ज्या क्रीडाव्यवस्थेत एक-दोन पिढ्या वाढल्या होत्या, तीत मराठवाड्याचा प्रवेश झाला तो असा उशिरा. मराठवाड्याच्या कोणत्याही खेळाचा इतिहास लिहिताना ही तारीखवार विषमता विसरून चालत नाही.

योगायोग असा, की खो-खोची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच सुमारास, १९५९-६० मध्ये, विजयवाडा येथे झाली. ती फक्त पुरुषांची होती. महिलांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले ते पुढच्या वर्षी, कोल्हापुरात. म्हणजे राष्ट्रीय खो-खो आणि महाराष्ट्रातला मराठवाडा जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

आता खेळाच्या रचनेकडे पाहू, कारण लहान गावाच्या यशाचे एक कारण तेथे दडलेले आहे. बाराजणांच्या संघातील नऊजण मैदानात उतरतात. आठजण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. समोरून तीन-तीनच्या तुकड्यांनी पळणारे येतात. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. पलीकडे जायचे तर बसलेल्या गड्याला पाठीमागून ‘खो’ द्यायचा. बंधने सगळी पाठलाग करणाऱ्यावर आणि मोकळीक सगळी पळणाऱ्याला! उंची, वजन, आहारावर पोसलेले बाहुबळ यांना येथे फारसा भाव नाही. भाव आहे तो हुलकावणीला, एकेरी आणि दुहेरी साखळीच्या अंदाजाला आणि खांबाजवळ मारलेल्या अचूक सुराला. कुस्तीला खुराक लागतो, क्रिकेटला साहित्य लागते. खो-खोला सवंगडी लागतात आणि रोज संध्याकाळी न चुकता येणारा एक शिक्षक लागतो.

दुसरे कारण वयोगटांच्या शिडीचे. सत्तरच्या दशकापासून खुल्या गटाच्या खाली कुमार व किशोर गटांच्या राष्ट्रीय स्पर्धा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पायरीवर सर्वोत्कृष्ट खेळाडूचा सन्मान आला. चौदा वर्षांखालील मुलांसाठी ‘भरत’, मुलींसाठी ‘इला’. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘वीर अभिमन्यू’, मुलींसाठी ‘जानकी’. खुल्या गटात ‘एकलव्य’ आणि ‘राणी लक्ष्मीबाई’. (चक्रव्यूहात शिरलेला आणि बाहेर न पडू शकलेला अभिमन्यू, निसटण्याच्या खेळाचा आदर्श म्हणून कोणाला सुचला असेल? एकलव्याची निवड मात्र नकळत फार नेमकी आहे. गुरुकुलाबाहेर राहून शिकलेल्यांचाच हा खेळ पुढे झाला.)

ही शिडी केवळ मानाची नव्हती. महाराष्ट्रात स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात हे प्रमाणपत्र काय असते, हे पुण्याच्या क्लबात बसून उमगणे कठीण. पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी तुटपुंजी. अशा ठिकाणी मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवायचे की नाही, हा निर्णय घर हिशेबाने घेते, आणि त्या हिशेबात ‘इला’ आणि ‘जानकी’च्या स्पर्धांना वजन होते. क्रीडाप्रेम, परंपरा वगैरे शब्द आपण नंतर लावतो.

सारिका काळे हे या शिडीचे सर्वांत ठळक उदाहरण. वयाच्या तेराव्या वर्षी खो-खो खेळणाऱ्या मामांनी तिला मैदानावर नेले. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारसे कमावता येत नव्हते, आई शिवणकाम करी, घर आजी-आजोबांच्या मिळकतीवर चाले. खेळण्याच्या काळात सुमारे दहा वर्षे दिवसातून एकच जेवण मिळे, हे तिनेच पुढे सांगितले. ज्या खेळाला ‘काहीच लागत नाही’ असे आपण कौतुकाने म्हणतो, त्या खेळालाही पोटात अन्न लागतेच. साधेपणाच्या गौरवगाथेत ही ओळ सहसा गाळली जाते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी-शिलाँग येथे बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. खो-खोचा तीत समावेश होता आणि सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती सारिका. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. एकाच भूभागाच्या या दोन बातम्या आहेत. त्याच वर्षी आर्थिक ओढगस्तीने खचून सारिका खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत आली होती. चार दिवस तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि ती परतली. सुवर्णपदक विजेत्या कर्णधाराची ही अवस्था असेल, तर कुमार गटातूनच गळालेल्या, जिची कोठे नोंद नाही अशा मुलीची काय असेल!

२०२० साली सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो तब्बल बावीस वर्षांनी आला होता. याआधीचा मान १९९८चा, कर्नाटकच्या शोभा नारायण यांचा. १९७० साली सुधीर परब यांच्यापासून सुरू झालेल्या मालिकेत एवढा मोठा खंड पडावा, यातून दिल्लीच्या लेखी या खेळाची किंमत कळते. पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरची तालुका क्रीडा अधिकारी होती.

त्यानंतर मात्र घड्याळ भलतेच वेगाने फिरले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातील बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. मातीऐवजी मॅट, नऊऐवजी सात मिनिटांची पाळी आणि कोणत्याही दिशेने वळण्याची मुभा असलेला ‘वझीर’. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. (जुन्या पद्धतीच्या गुणफलकाची सवय असलेल्यांना हा आकडा अवाढव्य वाटेल. पण येथे एका बादाला एक नव्हे, दोन गुण होते.) त्या विजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

मॅटवर सूर मारताना कोपर सोलत नाही, धूळ उडत नाही, दूरचित्रवाणीवर चित्र स्वच्छ दिसते. पण मॅट विकत घ्यावी लागते, तिला छप्पर लागते, तिच्यावर बूट लागतात. मुरमावर अनवाणी पळणाऱ्याचा पाय किंचित घसरतो आणि त्या घसरण्याचा उपयोग करून वळण कसे घ्यायचे, हे तो लहानपणीच शिकतो. मॅट बुटाला धरून ठेवते. वळणाचा हिशेब बदलतो, गुडघ्यावरचा ताण बदलतो. ज्याच्या गावात मॅट आहे त्याला तो हिशेब सरावात जमतो आणि ज्याच्या गावात नाही त्याला स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात.

छत्रपती संभाजीनगर हे विभागाचे मुख्यालय धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. त्याहून सोलापूर कितीतरी जवळ. जिल्ह्याच्या आडगावात किशोर गटाचा सराव आजही शाळेच्या पटांगणात, सूर्य मावळेपर्यंत, अनवाणी चालतो. दिवे नसतात, म्हणून सराव थांबतो.