अनशी ढाकाचा सण : बेने इस्राएल घरातील वल्हांडणाची तयारी



वर्षप्रतिपदा जवळ आली की आपल्याकडे भिंतींना चुना लागतो, माळ्यावरची अडगळ खाली येते, भांडी लखलखू लागतात. साधारण याच दिवसांत, कधी फाल्गुनी तर कधी चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, महाराष्ट्रातील आणखी एका मराठीभाषक समाजाच्या घरीही अशीच धांदल असते. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, आणि सण म्हणजे मिसर देशाच्या दास्यातून झालेल्या सुटकेचा वल्हांडण सण. ही केवळ घरसफाई नव्हे. एका समाजाचा धर्म त्या सफाईत कसा टिकून राहिला, ते आज पाहावयाचे आहे.

या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या; धर्मग्रंथ समुद्राने नेले. कथेतील इतिहास किती, याचा वाद पंडितांवर सोपवू. एवढे निश्चित की, पुढे कित्येक पिढ्या ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत.

आपल्या शिरूरलाही हा समाज अगदी परका म्हणता येणार नाही. मुंबई सरकारच्या फौजेत बेने इस्राएल जवान पुष्कळ होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जी पलटण शिरूरच्या छावणीतून कोरेगावकडे निघाली, तिच्यातील पडलेल्यांच्या नावांत एखाददुसरे नाव याच समाजातील असल्याचे अभ्यासक मानतात. पुण्यात १८६७ साली पुरे झालेले ‘लाल देऊळ’ आणि रास्ता पेठेतील १९२१ चे सिनेगॉग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

ग्रंथ नाहीत, हिब्रू वाचणारा नाही. मग सण कसा टिकला? बेने इस्राएलांनी त्याला दिलेले जुने मराठी नाव पाहा: ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे आंबट कालवणाचे पातेले. या सणाचे आठ दिवस ते झाकून ठेवावयाचे, उघडावयाचे नाही. असे का, हे कोणास नीट सांगता येत नसे. परंतु झाकण मात्र पडे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी अशा जुन्या सणांच्या नावांची नोंद करून ठेवली आहे.

या झाकणाचा अर्थ तोरेच्या आज्ञेत सापडतो. सुटकेच्या घाईत कणीक फुगावयास अवसर मिळाला नाही, म्हणून या दिवसांत खमीर खाऊ नये, घरातही ठेवू नये. मूळ आज्ञा सात दिवसांची. पॅलेस्टाइनबाहेरच्या यहुद्यांनी आठ दिवस पाळले. गहू, जव आदी पाच धान्यांच्या पिठात पाणी पडून अठरा मिनिटांत ते भाजले गेले नाही, तर ते खमीर समजावे, असा शास्त्रकारांचा हिशेब आहे. कोकणातल्या भात खाणाऱ्या घरात पाव कोठून असणार? तेथे आंबण्याचे ठिकाण म्हणजे अनशीचे पातेले. ग्रंथातील आज्ञा पुसली गेली, तरी आंबलेले ते दूर ठेवावे ही आठवण स्वयंपाकघरात शिल्लक राहिली, आणि ती स्त्रियांनी राखली.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनचे शिक्षक आले, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, १८४६ साली वल्हांडणाच्या रात्रीची पोथी, जिला हगादा म्हणतात, मराठीत निघाली. १८७४ साली अशीच एक पोथी आपल्या पुण्यात छापली गेली. तिच्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. ज्या हातांनी सण राखला, ते हात पोथीत शिरले, हे योग्यच झाले.

आता तयारीचा क्रम ध्यानात घ्या. घराला चुना देतात, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेतात, धान्य निवडतात, खजूर शिजवून गाळून त्याचा दाट शिरा करतात. सणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन कोनेकोपरे धुंडाळतात; मिळेल तो खमिराचा कण सकाळी जाळतात. मग एक वचन उच्चारतात. त्याचा आशय असा की, जे मला दिसले नाही, तेही माझे नव्हे. ते मातीसमान असो. हे वचन हिब्रूत नसून अरामीत आहे, कारण एके काळी ती सामान्य माणसाची बोली होती. उच्चारणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे, हा त्यातील आग्रह.

या क्रमात मोठे मर्म आहे. लख्ख उन्हात सारे घर एकदम दिसते, म्हणून दोष दिसत नाहीत. लहान दिवा मात्र एकेका कोपऱ्यापुढे उभे करतो. शोध कसून करावयाचा, पण शोधणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे हेही कबूल करावयाचे. प्रयत्न पुरा, आणि त्यानंतर त्याग.

खमीर म्हणजे फुगणारा अहंकार, असे यहुदी आचार्यांनी म्हटले आहे. पीठ तेच, पाणी तेच. फुगणे तेवढे वेगळे. पण खमीर मुळातच पापमय असते, तर पन्नास दिवसांनी येणाऱ्या सणात मंदिरात खमिराच्या दोन भाकरी अर्पण करण्याची आज्ञा कशाला असती? तात्पर्य, ‘मी’पणा कायमचा मारावयाचा नाही, वर्षातून काही दिवस त्याच्याविना जगून पाहावयाचे. फॅरोच्या जुलुमाची कथा सांगण्यापूर्वी स्वतःच्या घरातला फॅरो हुडकावयाचा.

१९५१ साली भारतात सव्वीस हजारांवर यहुदी होते. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले, आणि २०११ च्या शिरगणतीत सारे यहुदी मिळून पाच हजारांच्या आत भरले. संख्या घटली याचे दुःख होणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथ बुडाले तेव्हाही ज्यांनी पातेल्यावरचे झाकण सोडले नाही, त्यांच्या इतिहासापासून आपल्याला शिकण्यासारखे आहे. धर्म पोथीत लिहिला जातो हे खरे; पण तो टिकावयाचा, तर घरात कोणीतरी तो रोजच्या कामात राखावा लागतो.